मोनरुपिनो : ओस्मिझा उघडी आहे हे कसं ओळखायचं?

पायवाट : आयसीटीपी या भौतिकशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या कामासाठी महिनाभर इटलीत त्रिएस्तला मुक्काम आहे. एका रविवारी जवळच्या मोनरुपिनोला जाऊन ओस्मिझात (शेतकऱ्याच्या घरी) जेवायचा बेत आहे. मी शाकाहारी, अंडं चालतं. नकाशात एकाच गावाची दोन-दोन नावं दिसतात, ती काय भानगड? आणि चालत स्लोव्हेनियात गेलं तर व्हिसाचं काय?

कार्स्टप्रेमी : नावं इटालियन आणि स्लोव्हेन. मोनरुपिनो म्हणजे रेपेन्ताबोर, झोला म्हणजे कोल (पालिका इथेच), रुपिनग्रांदे म्हणजे रेपेन. बसमध्ये रुपिनपिक्कोलो ऐकून उतरू नका, ते शेजारच्या झगोनिक पालिकेत आहे. त्रिएस्तच्या ओपिचिना भागातून कोल चार-पाच किलोमीटर. रविवारी बस कमी, परतीची वेळ आधी बघा.

ओस्मिझा म्हणजे हॉटेल नव्हे. शेतकरी आपल्याच घरची वाइन आणि खाणं ठरावीक दिवस विकतो. १७८४ च्या सम्राट योसेफ दुसऱ्याच्या फर्मानाने आठ दिवसांची मुभा मिळाली. स्लोव्हेनमध्ये 'ओसेम' म्हणजे आठ, म्हणून ओस्मित्सा, तीच इटालियनमध्ये ओस्मिझा. फाट्यावर आयव्हीची डहाळी टांगलेली आणि खाली बाण दिसला की त्या दिशेला घर उघडं. मागच्या आठवड्यात उघडं होतं म्हणून आज असेलच असं नाही, त्यामुळे त्या दिवशीची यादी ऑनलाइन बघूनच निघा. रोख पैसे ठेवा.

द्विवचन : गरम जेवणाची अपेक्षा नको. हॅम-सलामी वगळलीत तर उकडलेली अंडी, चीज, लोणच्यातल्या भाज्या, पाव. पोट भरतं, पण चवीला मिरची नाही! वाइनमध्ये लाल तेरान चांगलीच आंबट, लोहयुक्त तांबड्या मातीतली. आंबट नको तर पांढरी वितोव्स्का घ्या.

स्लोव्हेनमध्ये मागताना गंमत बघा : एन कोझारेत्स (एक ग्लास), द्वा कोझार्त्सा (दोन), त्री कोझार्त्से (तीन). शाळेत देवः-देवौ-देवाः घोकलेल्यांना हे द्विवचन लगेच ओळखू येईल. इथे ते रोजच्या बोलण्यात आहे.

कार्स्टप्रेमी : व्हिसाचं राहिलंच. स्लोव्हेनिया डिसेंबर २००७ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा वैध असेल तर सीमेपलीकडच्या सेझानापर्यंत जाता येतं, सिंगल एंट्री असला तरी. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली. फेर्नेत्तीच्या सीमानाक्यावर अडवलं तर मोबाइलमधला फोटो दाखवून भागेल असं धरू नका, मूळ पासपोर्ट खिशात हवा.

द्विवचन : ऑगस्टअखेर असाल तर 'क्राश्का ओहत्सेत' (कार्स्ट भागातलं लग्न) आहे का बघा. १९६८ पासूनचा, एक वर्षाआड होणारा लग्नसोहळा. जोडपं खरं असतं, पारंपरिक पोशाखात टेकडीवरच्या ताबोर चर्चमध्ये लग्न लागतं. त्या रविवारी गाडी मात्र आणू नका.