सक्तीच्या तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली, तरी घाटात ब्रेक कसे दगा देतात?

प्रश्न

गेल्या महिन्यात माझी नऊ वर्षे जुनी गाडी सक्तीच्या सुरक्षा तपासणीत एकही शेरा न येता उत्तीर्ण झाली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, चार माणसे आणि भरपूर सामान घेऊन लांबलचक घाट उतरत असताना ब्रेकचे पेडल हळूहळू मऊ पडू लागले आणि शेवटच्या दोन वळणांवर तर ते जवळजवळ तळाला टेकले. खालचा गिअर आणि हँडब्रेक यांच्या आधाराने गाडी कशीबशी कडेला घेतली. पाऊण तासाने पेडल पुन्हा दाबून पाहिले, तर ते पूर्वीसारखेच घट्ट! दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दाखवले असता पॅड जाड आहेत, गळती कुठेच नाही, असे सांगून गाडी परत देण्यात आली. तपासणी करणाऱ्याने हयगय केली असे समजावे, की असा दोष तपासणीत सापडतच नाही? सापडत नसेल, तर त्या प्रमाणपत्रावर कितपत विसंबावे?

प्रतिसाद १

गाडी थंड झाल्यावर पेडल पूर्ववत झाले, या एका वाक्यात तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आले आहे. तुमचे ब्रेक ऑइल उकळले असण्याची शक्यता सर्वांत जास्त वाटते.

बहुतेक गाड्यांमधले ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते आणि ते रबरी नळ्यांतून व टाकीच्या झाकणातून हवेतला ओलावा सतत शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. सतत ब्रेक दाबून घाट उतरताना डिस्क आणि पॅड यांची उष्णता कॅलिपरमधल्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या) ऑइलपर्यंत पोहोचते, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि वाफेचे बुडबुडे पायाच्या दाबाखाली चेपले जातात. पेडल खाली जाते, पण तो जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. ऑइल थंड झाले की वाफ पुन्हा विरून जाते आणि गॅरेजमधल्या माणसाला दाखवायला काहीच उरत नाही.

तपासणीच्या वेळी गाडीची चाके रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेकिंग जोर मोजतात, डावी आणि उजवी बाजू यांत फार तफावत नाही ना हे पाहतात. हे सारे काही मिनिटांत आणि ब्रेक फारसे तापलेले नसताना होते. ऑइलची पातळी दिसली तर पाहिली जाते. त्यात पाणी किती मुरले आहे, हे सहसा कोणी मोजत नाही. त्यामुळे हयगयीचा निष्कर्ष मी तरी काढणार नाही. ऑइल शेवटचे कधी बदलले होते?

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. ब्रिटनच्या एमओटी या सक्तीच्या वार्षिक तपासणीत तर इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची स्थिती पाहिलीच जात नाही. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) तुटायला आला असला तरी गाडी निर्धास्तपणे उत्तीर्ण होऊ शकते, कारण तो कव्हरच्या आड असतो आणि आदल्या दिवसापर्यंत कसलाही आवाज करत नाही. ज्या इंजिनांत तो तुटल्यावर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, तिथे पुढचा खर्च बेल्टच्या कित्येक पट होतो. त्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मापांत दिलेली असते. जे आधी भरेल ते धरावे.

टायरचेही तसेच. खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही अनेक देशांतली किमान मर्यादा आहे, आणि कमी वापराच्या गाडीत ती सहज पाळली जाते. पण रबर मात्र वयाने कडक होते. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतरच्या संकेतातले शेवटचे चार आकडे पाहा. ३५१६ असेल तर तो टायर २०१६ सालच्या ३५व्या आठवड्यात तयार झालेला आहे. स्टेपनीवरचे आकडे तर आवर्जून पाहावेत, कारण ती गाडीच्याच वयाची निघण्याचा संभव असतो.

प्रतिसाद ३

मग सक्ती हवीच कशाला, हा प्रश्न उरतोच. नॉर्वेमध्ये १९८०च्या दशकात दोन लाखांहून अधिक गाड्यांचे गट पाडून, काहींची दरवर्षी, काहींची एकदाच आणि काहींची अजिबात तपासणी न करता अपघातांची तुलना करण्यात आली होती. तपासलेल्या गाड्यांची तांत्रिक स्थिती सुधारली, अपघातांच्या प्रमाणात मात्र फरक आढळला नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने २०१० मध्ये खासगी मोटारींची यांत्रिक तपासणी बंदच केली.

प्रतिसाद १ (पुन्हा)

नॉर्वेचा दाखला योग्य आहे. परंतु तो तिथल्या गाड्यांच्या तेव्हाच्या स्थितीपुरता आहे. ब्रिटनने १९६० मध्ये ही तपासणी सुरू केली, तेव्हा ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती होती. १९६७ पर्यंत ती तीन वर्षांच्या गाड्यांवर आणावी लागली, कारण नादुरुस्त गाड्या अपेक्षेहून फार अधिक निघाल्या. ज्यांच्या गाडीचे बॉनेट वर्षभरात कुणीच उघडत नाही, त्यांच्यासाठी ती एक सक्तीची नजर आहे. दुसऱ्याच्या झिजलेल्या टायरची झळ आपल्यालाही बसू शकते, म्हणून मी तिच्या बाजूने आहे. मात्र प्रमाणपत्र त्या दिवशी दिसलेल्या आणि मोजता आलेल्या गोष्टींचेच असते.

(जाता जाता: इंजिनाचा दिवा लागलेला असताना तपासणीच्या सकाळी बॅटरीची तार काढून तो घालवण्याचा सल्ला कुणी दिल्यास ऐकू नये. त्याने संगणकातल्या स्वयंचाचण्यांच्या नोंदीही पुसल्या जातात आणि जिथे त्या वाचल्या जातात तिथे गाडी परत पाठवतात.)

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. सर्व्हिसच्या पावत्या चाळल्या. नऊ वर्षांत इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेले आहे, ब्रेक ऑइलचा उल्लेख एकाही पावतीवर नाही. आज दुसऱ्या गॅरेजमध्ये ते बदलून घेतले. चारही चाकांच्या निपलमधून (ऑइल बाहेर काढायच्या छोट्या तोटीतून) जुने ऑइल काढताना पारदर्शक नळीत ते काळपट दिसत होते आणि नवे आल्यावर रंग एकदम फिका पिवळा झाला. शिवाय मागच्या उजव्या कॅलिपरची एक सरकती पिन गंजून घट्ट बसली होती, त्यामुळे तो पॅड डिस्कला सतत घासत होता. पिन साफ करून ग्रीस लावले आहे. पुस्तिकेत ब्रेक ऑइलची मुदत दोन वर्षांची दिली आहे. ती तारीख आता झाकणाशेजारी चिठ्ठीवर लिहून चिकटवली आहे.