पी०४२० कोड आणि पीयूसी नापास: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावाच लागेल का?

धायरीकर

नमस्कार. माझी मोटार २०१५ सालची, बीएस-४ मानकाची पेट्रोल हॅचबॅक असून तिला नंतर बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलेले आहे. आजवर ती सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास चालली आहे. चेक इंजिनचा दिवा आधी अधूनमधून लागत असे, आता तो विझतच नाही आणि स्कॅनर लावला की पी०४२० हा कोड येतो. कात्रजचा घाट चढताना पूर्वीची ओढ राहिलेली नाही. त्यातच पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ०.३ टक्के या मर्यादेपेक्षा बरेच जास्त निघाल्याने प्रमाणपत्र मिळाले नाही. गॅरेजवाल्याने दोन पर्याय दिले आहेत: मूळ कंपनीचा नवा कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळणारा, एक्झॉस्टच्या नळीतला डबा), ज्याची किंमत गाडीच्या आजच्या बाजारभावाकडे पाहता जिवावर येते, किंवा जुन्याच्या आतली जाळी फोडून डबा रिकामा करणे, म्हणजे त्याच्या म्हणण्यानुसार पिकअपही वाढेल. कोणता मार्ग धरावा?

जुना फिटर

धायरीकर साहेब, दोन्ही पर्याय तूर्त बाजूला ठेवा. पी०४२० चा अर्थ एवढाच की कन्व्हर्टर आपले काम पुरेसे करत नाही असे गाडीच्या संगणकाला वाटते, आणि हे त्याला कळते ते मागच्या ऑक्सिजन सेन्सरवरून. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे धुरातला ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर असतात. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली होते आणि मागच्याचे मात्र ०.६-०.७ च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहते. इंजिन पूर्ण गरम करून, अडीच हजार आरपीएमवर धरून दोन्ही आलेख स्कॅनरवर शेजारी शेजारी पाहा. मागचा आलेख पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर थकला आहे. मात्र एक्झॉस्टच्या जोडावरून हवा शिरत असेल तरी हाच कोड येतो, म्हणून आधी गॅस्केट आणि वेल्डिंग तपासून घ्या.

घाटातली ओढ कमी होणे हे जाळी चोंदल्याचे लक्षण असू शकते. पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावले की उलटा दाब, म्हणजे वाट अडल्याने धुराचा इंजिनकडे साचणारा दाब, मोजता येतो. नुसत्या अंदाजावर एवढा महाग भाग बदलू नये. गाडी थंड असताना डब्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकून पाहा; आत खुळखुळ वाजले तर जाळीचे तुकडे पडले आहेत असे समजावे.

खरा प्रश्न पुढेच आहे. कन्व्हर्टर सहसा आपल्या मरणाने मरत नाही, त्याला इंजिन मारते. सीएनजीवर ठिणगीला जास्त ताण पडतो, त्यामुळे जुने प्लग किंवा कमजोर इग्निशन कॉइल पेट्रोलवर निभावून जातात आणि सीएनजीवर मिसफायर देतात, म्हणजे सिलिंडरमधले इंधन नीट पेटत नाही. न जळलेले इंधन मग कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि मधमाशांच्या पोळ्यासारखी ती सिरॅमिकची जाळी वितळते. दुसरा शत्रू इंजिन ऑइल. पूर्वी पेट्रोलमधले शिसे या जाळीचा घात करीत असे, म्हणूनच १ एप्रिल १९९५ ला मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही सोबत आणावे लागले. आज तेच काम ऑइलमधला फॉस्फरस सावकाश करतो. आपली गाडी ऑइल पिते का, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वरून टाकावे लागते का, हे कळवा.

अपरान्त

रत्नागिरीकडे खाऱ्या हवेत गाडी वापरणाऱ्याची थोडी भर. कन्व्हर्टर खोलताना खरी झुंज असते ती गंजलेल्या स्टडशी, म्हणजे ज्यावर नट बसतो त्या आटेदार खिळीशी. आदल्या संध्याकाळी रस्ट स्प्रे मारून ठेवावा आणि तरीही नट हलला नाही तर गॅसच्या ज्योतीने गरम करून सोडवावा, नुसता पाइप लावून जोर केला की स्टड मॅनिफोल्डमध्येच (इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळीत) तुटतो. गॅस्केट व नट नवेच घालावेत. जोडाला सिलिकॉनचा सीलंट लावण्याची सवय काही मिस्त्रींना असते, ती तिथे चालवून घेऊ नये, कारण त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. बाजारातला स्वस्त कन्व्हर्टर दिसायला हुबेहूब असतो, पण आत मौल्यवान धातूंचा मुलामा जेमतेम असला तर कोड काही दिवसांत परत येतो; घेण्यापूर्वी तो आपल्या मॉडेलसाठी आणि बीएस-४ साठी आहे का, हे लेखी घ्यावे.

नियमावली

डबा रिकामा करण्याबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाचे मानक मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. आणि ज्या कार्बन मोनॉक्साइडमुळे आपली गाडी आज नापास झाली, तो रिकाम्या डब्यातून जसाच्या तसा बाहेर पडणार. फोडलेली जाळी गॅरेजवाला स्वतःकडे ठेवून घेतो, यावरून त्या सल्ल्यामागचा रस ओळखावा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असते. ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जातात ते याचसाठी.

धायरीकर

सर्वांचे आभार. ऑइल वरून टाकावे लागत नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये आलेख पाहिले असता मागचा सेन्सर पुढच्याच्या जोडीने नाचत होता, आणि सीएनजीवर तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर नोंदला गेला. पेट्रोलवर तो येत नव्हता. उलटा दाबही जास्त आला.

जुना फिटर

मग क्रम ठरला. आधी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल आणि चारही प्लग बदला, सीएनजीचे ट्यूनिंग करून घ्या, आणि मिसफायर पूर्ण थांबल्याची स्कॅनरवर खात्री झाल्यावरच नवा कन्व्हर्टर चढवा. कोड पुसून गाडी शहरात व महामार्गावर चालवावी, गाडीच्या संगणकाने कन्व्हर्टरची तपासणी पूर्ण केल्याचे स्कॅनरवर दिसले की पीयूसीला न्यावी, आणि तेही इंजिन चांगले तापलेले असताना, कारण अडीचशे-तीनशे अंशांच्या खाली कन्व्हर्टर कामच सुरू करत नाही. जुना डबा मात्र मागून घ्या. भंगारात त्याचे पैसे आपल्याला मिळायला हवेत.