फॅनफिकमध्ये तिचा ‘हो’ कसा लिहिता? वावरातल्या सीनवर अडलेय

धुऱ्यावरची (आर्वी)

नमस्कार सगळ्यांना. दोन वर्षं झाली एका मालिकेतल्या जोडीवर फॅनफिक, म्हणजे तीच पात्रं घेऊन आपली कथा, लिहितेय. मालिकेत दोघं मुंबईच्या ऑफिसात आहेत, मी त्यांना आपल्याकडं आणलं, म्हणजे तो कास्तकाराचा मुलगा, वय 27, आणि ती 24 ची, डी.एड. झालेली पण नोकरी नाही म्हणून सीझनला त्यांच्याच वावरात कापूस वेचायला जाते. नवव्या भागात पहिला जवळिकीचा सीन टाकला. दिवस मावळतोय, बाकीच्या बाया गाठोडी घेऊन काट्याकडं गेल्यात, ही मागं राहिली, कमरेची ओटी कापसानं भरलेली, आणि तो येऊन तिचं मनगट धरतो. ती म्हणते "सोडा ना". तो हसतो, सोडत नाही, जवळ ओढतो, मग किस.

कमेंटमध्ये बदामच बदाम. फक्त एका ताईनं लिहिलं, "ती सोडा म्हणाली ना, मग त्यानं काहून नाही सोडलं?"

मी उत्तर टाइप केलं की अहो तिला मनातून हवंच होतं, वर दोन पॅरा तेच तर लिहिलंय, आणि पाठवायच्या आधी खोडून टाकलं, कारण ते वाचून मलाच कसंतरी झालं. आता दहावा भाग अडलाय. "मी तुझा हात धरू का" असं त्याच्या तोंडी घालून पाहिलं, पण आमच्या गावातलं कोणतंच पोरगं असं बोलत नाही, पुस्तकातून उचलल्यासारखं वाटतं आणि सीनमधला जीव जातो. तुम्ही लोक कसं लिहिता? खरंच मदत हवीय.

यवतमाळची पराटी

आधी तू ते उत्तर खोडलंस ते बरं केलंस. "मनातून हवं होतं" हे तुला माहीत, वाचकाला माहीत, त्याला कुठं माहीत? त्याच्या कानावर तर फक्त "सोडा ना" पडलं. म्हणजे तुझ्या कथेत त्यानं तिचं मन ओळखलं नाही, त्यानं अंदाजावर ओढलं आणि तो अंदाज खरा निघाला कारण लेखिका त्याच्या बाजूनं होती.

आणि फॅनफिकमध्ये हे जास्त होतं बघ. आपला वाचक येतो तोच जोडी मनात ठरवून, ही दोघं एकमेकांचीच आहेत हे त्याला सांगावं लागत नाही, म्हणून आपण पण तिचा होकार गृहीत धरून पुढं पळतो. मी नऊ वर्षं लिहितेय, माझ्या सुरुवातीच्या कथांमध्ये हिरोईन हो म्हणते अशी एक जागा सापडत नाही, परवाच सगळ्या काढून वाचल्या आणि खूप वाईट वाटलं.

अजून एक, आणि मला हे जास्त मोठं वाटतं. ऑफिसातून वावरात आणलंस तेव्हा मजुरी पण सोबत आली. किलोमागं जे पैसे मिळतात ते त्याच्या घरून येतात, उद्या बोलावणं येईल की नाही हे त्याच्या आईच्या हातात, बाकीच्या बाया काट्याकडं गेलेल्या, अंधार पडतोय, आणि मालकाच्या मुलानं मनगट धरलंय. अशा वेळी ती खरंच "हो" म्हणाली तरी मी वाचक म्हणून त्यावर विश्वास ठेवणार नाही. तर वाक्य शोधू नको, आधी जागा बदल. बाजाराच्या दिवशी हिशोब चुकता झाल्यावर, तिच्या घराच्या फाटकाशी, जिथं ती आत आहे आणि तो बाहेर, असं काही कर. आणि एकदा तिला नाही म्हणू दे. तो ऐकतो हे दिसू दे. त्यानंतर ती जेव्हा हो म्हणेल ना, त्या हो ला वजन येईल.

वणीचा वाचक

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. लाजून नको म्हणणं आपल्याकडं असतंच, आमच्या घरी पाहुण्याला चहा विचारला तरी तो आधी दोनदा नको म्हणतो. वाचकाला लाजणं आणि नकार यातला फरक कळतो. प्रत्येक ठिकाणी विचारपूस घातली तर प्रेमकथेत वाचायचं काय? ज्याला त्रास होईल त्याच्यासाठी कथेच्या वर इशाऱ्याचा टॅग टाका, विषय संपला.

टॅगवाली

टॅगचं मी सांगते, कारण मी एओथ्री (Archive of Our Own, फॅनफिकची साइट) वर पण लिहिते. ती साइट 2009 पासून चालू आहे, ना नफा तत्त्वावर चालते, काम स्वयंसेवक करतात, जाहिराती नाहीत. तिथं कथा टाकतानाच मोठे इशारे निवडावे लागतात, त्यात बलात्कार किंवा संमतीविना संबंध हा वेगळा इशारा आहे, आणि इशारे द्यायचेच नसतील तर "लेखकाने इशारे न देणं निवडलं आहे" असा पर्याय आहे, म्हणजे वाचक समजून उमजून आत जातो. शिवाय लोक स्वतःहून "डबकॉन" लिहितात, म्हणजे संमती आहे की नाही याचीच शंका. अंधाऱ्या गोष्टी लिहायला तिथं बंदी नाही, आणि मला ते पटतं.

पण वणीचे दादा, तो टॅग कोण लावतो? ज्याला माहीत आहे की आपण जबरदस्ती लिहिली तो. धुऱ्यावरची तर गोड प्रेमकथा म्हणून लिहीत होती. स्वतःच्या कथेत काय घडलं हेच लेखकाला दिसलं नसेल तर टॅग कुठून येणार? आणि चहाचं उदाहरण, पाहुण्यानं तिसऱ्यांदा नको म्हटलं तर आपण कप त्याच्या तोंडाला लावत नाही.

वैनगंगाकाठ

मी निवृत्त शिक्षिका, देसाईगंजची, आम्ही वडसा म्हणतो. कथा लिहीत नाही पण नात वाचते म्हणून मी पण वाचते. बेटा, तुझा प्रश्न वाचून मला आमच्या गावची गोष्ट आठवली. 1972 साली इथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला, मथुरा प्रकरण म्हणून सगळा देश ओळखतो. खालच्या कोर्टानं सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नाही असं म्हटलं, आणि 1979 मध्ये सुप्रीम कोर्टानं परत सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही. तेव्हा कायदा शिकवणाऱ्या चौघांनी कोर्टाला खुलं पत्र लिहिलं, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर, की शरण जाणं आणि संमती देणं या दोन गोष्टी आहेत. बायका रस्त्यावर उतरल्या, 1983 ला कायदा बदलला. 2013 मध्ये तर कायद्यात स्पष्टच आलं की संमती म्हणजे शब्दांनी, हावभावांनी दिलेली स्वेच्छेची तयारी, आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही.

तुझ्या कथेतला मुलगा चांगला आहे हे मला माहीत आहे, त्याची आणि त्या पोलिसांची बरोबरी मी करत नाही. पण ती गप्प होती म्हणजे तयार होती, हे वाक्य आमच्या गावानं एका पोरीबद्दल ऐकलंय. म्हणून गोष्टीत दिसलं की मला थांबावंसं वाटतं.

रुक्मिणीची गाववाली (तिवसा)

आजी, तुमचं वाचून काही वेळ काहीच लिहिता आलं नाही.

मी फक्त एवढं घालते. विचारलं की रोमान्स जातो म्हणतात ना, आमच्या कौंडण्यपूरची गोष्ट घ्या. सगळे रुक्मिणीहरण म्हणतात, हरण म्हणजे पळवून नेणं, पण भागवतात पाहा, भावानं शिशुपालाशी ठरवलं तेव्हा पत्र तिनं पाठवलं. सात श्लोकांचं. लग्नाच्या आदल्या दिवशी नगराबाहेर गिरिजेच्या देवळात जायची रीत आहे, तिथून मला घेऊन जा, हे पण तिनंच लिहिलं. ठिकाण तिचं, वेळ तिची, माणूस तिचा. आणि इतक्या शतकांत कोणाला ती गोष्ट फिकी वाटली नाही. महानुभाव पंथाच्या कवयित्री महदंबेनं तेराव्या शतकात याच स्वयंवरावर धवळे रचले, ते पण आपल्याच रिद्धपूरला, लग्नात गायला. आधीच माहीत असलेली जोडी घ्यायची आणि आपल्या बोलीत परत सांगायची, मला तर हे आपलंच काम वाटतं. तेव्हा तुझ्या हिरोनंच विचारावं असं कोणी सांगितलं, तिला विचारू दे की.

वणीचा वाचक

मजुरीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या घरी पण वेचणीला बाया येतात. ते मान्य. लाजण्याचं अजून पूर्ण पटलं नाही, पण विचार करतो.

धुऱ्यावरची (आर्वी)

सगळ्यांचे मनापासून आभार, आजी तुमचे जास्त. नववा भाग काढला नाही, वर लिहिलं की हा सीन मी चुकीचा लिहिला होता, आणि त्या ताईला पण तसंच कळवलं. दहाव्याचा तुकडा टाकते, बोली जमली का सांगा.

*तो फाटकाबाहेरच थांबला. "आईनं हिशोब देला ना?"*

*"देला."*

*"मंग आज मी मालक नाही." त्यानं फाटकावर हात ठेवला, कडी उघडली नाही. "येऊ का आत?"*

*ती कितीतरी वेळ सुपातले दाणे चाळत राहिली. "आज नको."*

*"बरं." गाडीला किक मारली आणि गेला.*

*दुसऱ्या दिवशी पांदणीत तो दिसला तर तीच थांबली. "काल लगेच काहून गेलते तुमी?"*

*"तू नको म्हनलं ना."*

*तिनं डोक्यावरचा भारा खाली ठेवला. तळहात पराटीच्या बोंडांनी खरचटलेले होते, ते तिनं लुगड्याला पुसले, आणि त्याचा हात धरला.*