छोट्या इंटरनेट पुरवठादाराने ग्राहकाच्या संगणकाला हात लावावा का?

माणदेशी ऑपरेटर (धागाकर्ता)

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सहाशेच्या आसपास घरांना ब्रॉडबँडची जोडणी देतो. मूळ धंदा केबल टीव्हीचा; पुढे त्याच खांबांवरून फायबर ओढले आणि वरच्या परवानाधारक कंपनीची बँडविड्थ घेऊन इंटरनेट सुरू केले. माणसे आम्ही तीनच, त्यांत स्प्लायसिंग, म्हणजे फायबरची टोके जोडणे, येणारा एक. गेल्या आठवड्यात एका निवृत्त गुरुजींची ‘नेट बंद’ अशी तक्रार आली म्हणून मुलगा भर पावसात सहा किलोमीटर गेला. ओएनटीवर, म्हणजे आमचे फायबर घरात येऊन जेथे संपते त्या डब्यावर, लाल दिवा नव्हता, पॉवर मीटरने उणे १९ डीबीएम दाखवले, म्हणजे लाइन ठणठणीत होती, आणि गुरुजींच्या मोबाइलवर त्याच वायफायने भजन चालू होते. बंद होता तो प्रिंटर.

एखाद्या वेळी असे झाले तर कोणी मनावर घेणार नाही, पण आमच्या निम्म्या फेऱ्या याच जातीच्या असतात. विंडोज १० च्या नेहमीच्या अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्या, त्याची सूचना पडद्यावर दिसली की फोन आम्हालाच येतो, कारण ती सूचना ‘तुमच्या नेटमधून’ आलेली असते. ५०० रुपयांच्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी धरून ग्राहक ५९० रुपये भरतो. त्यातले ९० सरकारजमा होतात, उरलेल्यांत वरच्या कंपनीचा वाटा असतो, आणि जे हाती राहते त्यातून पेट्रोल घालून प्रिंटर जोडायला जायचे. माझे मत असे की आमची जबाबदारी ओएनटीपाशी संपावी. आमचा लॅपटॉप तेथे वायरने जोडल्यावर प्लॅनप्रमाणे वेग मिळाला, तर पुढचे काम ग्राहकाने संगणकवाल्याकडून करून घ्यावे, अन्यथा फेरीचे २०० रुपये वेगळे द्यावेत.

पुण्यातली लेक

माझे आईवडील गावी असतात आणि दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. मोठ्या कंपनीची जोडणी स्वस्त पडत असतानाही आम्ही गावातल्या ऑपरेटरची घेतली, ती केवळ एवढ्यासाठी की तेथे फोन केला तर माणूस उचलतो आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी दारात येते. ही सेवा काढून घेतली तर तुमच्याकडे मोठ्या कंपनीपेक्षा वेगळे असे काय उरते?

दुसरे म्हणजे, ‘नेट बंद’ हे आईचे निदान नसते. बिघाड ओएनटीत आहे, राउटरमध्ये आहे की संगणकात, हे ओळखायला लागणारा मीटर तिच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. तेव्हा दोष कोठे आहे हे शोधण्याचे पैसे तिच्याकडून घेणे मला पटत नाही. दोष सापडल्यावर तो तुमचा नाही असे ठरले, तर दुरुस्तीचे पैसे जरूर घ्या, पण काम सुरू करण्याआधी सांगून घ्या.

संगणक दुरुस्तीवाला, बार्शी

मी धागाकर्त्याशी सहमत आहे, मात्र माझे कारण पेट्रोलचे नाही. स्प्लायसिंग उत्तम करणाऱ्या मुलाला डेटाचा बॅकअप कसा घ्यायचा हे शिकवलेले नसते. संगणक हळू चालतो म्हणून त्याने विंडोज नव्याने टाकले आणि डी ड्राइव्हवरचे लग्नाचे फोटोही त्यात पुसले गेले, अशी प्रकरणे माझ्या टेबलावर आली आहेत. ‘परत मिळतील का हो?’ हा प्रश्न शेवटी मलाच ऐकावा लागतो.

त्याहून गंभीर गोष्ट दूरून संगणक चालवण्याच्या ॲपची आहे. फेरी वाचावी म्हणून ऑपरेटरची मुले असे ॲप टाकून ठेवतात आणि बहुतेक घरांना एकच कायमचा पासवर्ड देतात. आज फसवणूक करणारे लोक नेमके याच वाटेने येतात: ‘नेट कंपनीतून बोलतोय, एवढे ॲप घ्या आणि त्यावर दिसणारा आकडा सांगा.’ ज्या म्हाताऱ्या माणसाला खऱ्या ऑपरेटरनेच फोनवर आकडा सांगण्याची सवय लावली आहे, त्याने खोटा माणूस ओळखायचा तरी कसा? म्हणून पुरवठादाराने संगणकाला हात लावू नये, पैसे घेऊनही नाही.

नेटवर्क अभियंता, ठाणे

संगणकाच्या बाबतीत बार्शीच्या दुरुस्तीवाल्यांचे म्हणणे मान्य आहे, पण धागाकर्त्याने आखलेली रेषा चुकीच्या जागी आहे, कारण ओएनटी आणि संगणक यांच्या मध्ये राउटर असतो आणि तो बहुतेक वेळा ऑपरेटरनेच दिलेला असतो. २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलेल्या घरात स्पीड टेस्ट ९४ च्या आसपास अडकते तेव्हा संगणक जुना झाला असे सांगितले जाते. प्रत्यक्षात राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात, किंवा लॅन केबलमधली एखादी तार उंदराने कुरतडलेली असते. आठही तारा शाबूत असल्याशिवाय जोडणी गिगाबिटवर जात नाही, चारांवर ती १०० वर उतरते. तुमचा लॅपटॉप ओएनटीच्या गिगाबिट पोर्टला लावला की हा सगळा भाग चाचणीतून वगळलाच जातो आणि ‘लाइन ठणठणीत’ असा निकाल लागतो.

दुकानातला सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही, ही तक्रारही अशीच आहे. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे, पत्ते पुरत नाहीत म्हणून एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवलेली असतात. राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसत असेल, तर कॅमेरेवाल्याने राउटरमध्ये बाहेरून आत येण्याच्या वाटा (पोर्ट) कितीही उघडल्या तरी उपयोग नसतो. बिघाड ग्राहकाच्या कॅमेऱ्यात दिसतो, पण कारण तुमच्या जाळ्यात असते. शिवाय राउटरचा ॲडमिन पासवर्ड तुम्ही स्वतःकडे ठेवता. मग राउटर ग्राहकाने सांभाळावा ही अपेक्षा कशी करता?

माणदेशी ऑपरेटर

अभियंत्यांच्या मुद्द्यामुळे काल रात्री आमची वही काढून पाहिली. लॉकडाउनच्या काळात बाजारात मिळेल तो राउटर घेऊन आम्ही बसवत गेलो. त्यांतल्या ४१ घरांनी पुढे २०० चा प्लॅन घेतला आणि राउटर मात्र १०० चाच राहिला. ही चूक मला मान्य आहे, जरी बसवताना तो राउटर त्या वेळच्या प्लॅनला पुरेसा होता. पासवर्ड मात्र मी हौसेने दडवत नाही. एकदा तो दिला, तर घरातल्या कॉलेजच्या मुलाने टाचणीने रीसेट करून आमच्या जाळ्यात लॉगिन होण्यासाठी लागणारे पीपीपीओईचे युजरनेमच उडवले आणि परत फेरी आमचीच झाली.

पुण्यातली लेक

प्लॅन वाढवताना फोनवर ‘झाले, उद्यापासून डबल स्पीड’ एवढेच सांगतात. राउटरला ते झेपणार नाही, हे आमच्या घरीही कोणी बोलले नव्हते. त्या ४१ घरांना तुम्ही स्वतःहून कळवणार का?

आणि एक शंका. गुरुजींचा प्रिंटर वायफायचा होता का? अलीकडे त्यांच्या घरी वायफायचे नाव किंवा पासवर्ड बदलला होता का?

कुडाळचा ऑपरेटर

आमच्याकडे मे-जूनच्या विजांमध्ये इतके ओएनटी जळतात की असले वाद घालायला पावसाळ्यात सवड नसते. मी मुलाच्या पिशवीत एक चांगला राउटर आणि दोन मीटरची तपासलेली केबल कायम ठेवायला लावली आहे. घरी गेल्यावर तो आधी ग्राहकाचा राउटर काढून आमचा लावतो. दहा मिनिटांत वेग सुधारला तर दोष राउटरचा किंवा केबलचा, आणि ते आम्ही बघतो. नाही सुधारला आणि मोबाइल व्यवस्थित चालत असेल, तर संगणक गावातल्या दुकानदाराकडे पाठवतो. ग्राहकाच्या संगणकावर आमचा मुलगा पासवर्ड टाइप करत नाही. प्रिंटर जोडून देतो, कारण त्याला पाच मिनिटे लागतात आणि चहा मिळतो. फायबर न ओढता घरावर ५जीचा डबा बसवणाऱ्या मोठ्या कंपन्या २०२३ पासून बाजारात आहेत; त्यांच्याशी मी दरात भिडू शकत नाही, पाच मिनिटांत भिडू शकतो. रीसेटचे म्हणाल, तर युजरनेम आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून राउटरच्या पोटाला चिकटवून द्या. आमच्या निम्म्या रीसेटच्या फेऱ्या त्या चिठ्ठीने थांबल्या.

माणदेशी ऑपरेटर

चिठ्ठीची गोष्ट उद्यापासून करतो. ४१ घरांना संदेश पाठवीन. राउटर बदलून घेणाऱ्याला तो खरेदीच्या किमतीत देईन, फुकट देणे मला परवडणार नाही. संगणकाला हात न लावण्याचा नियम मात्र कायम ठेवणार आहे, आणि दूरून चालवण्याचे ॲप मुलांना सगळीकडून काढायला सांगितले आहे.

लेकीच्या शंकेवरून मुलाला विचारले. जूनमध्ये विजेने गुरुजींचा ओएनटी जळाला होता, तो आम्हीच बदलला, आणि नवीन बसवताना वायफायचे नाव मुलाने आपल्या मनाने वेगळे ठेवले. मोबाइल त्याने तेव्हाच जोडून दिला होता. प्रिंटर दोन महिने जुने नाव शोधत बसला होता.