मदत हवी आहे: सगळ्यांचं बेस्ट घेऊन एकच फास्ट बॉलर बनवायचाय
मंडळी, आमच्यात वाद पेटलाय. स्पीड शोएबचा (२००३ वर्ल्डकपमधला तो ताशी १६१.३ किमी वाला बॉल), टप्पा मॅग्राचा, रिव्हर्स स्विंग (जुना बॉल हवेत उलट्या बाजूला वळवणं) अक्रमचा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे पण घोडं अडलंय यॉर्करवर (थेट बॅट्समनच्या पायाशी पडणारा बॉल), कारण मलिंगाचा घ्यावा तर त्याचा हात वरून न येता बाजूने आडवा फिरतो, मग मॅग्राचा बाउन्स कुठून आणणार? बुमराहचा चालेल का? आणि अक्रम घेतला म्हणजे बॉलर डावखुराच धरायचा का? शिवाय झहीरला कुठंतरी बसवायचाच आहे हो, आपला श्रीरामपूरचा माणूस, २०११ च्या वर्ल्डकपला नकल बॉल (बोटांच्या पेरांवर धरून टाकलेला फसवा स्लोअर बॉल) काय टाकायचा राव! स्लोअर बॉल त्याचा घेऊ की ब्राव्होचा? जाणकारांनो सांगा, पण कारणासकट, नुसती नावं नकोत.