फास्टिंग इन्सुलिन आधी १४.२, दहा दिवसांनी ७.९... खरं कुठलं धरायचं?

ठाण्याचा_पक्या
नमस्कार मंडळी. वय ३४, वजन ६८, उंची ५ फूट ८, आजार नाही, कसली गोळी चालू नाही. ऑफिसच्या ग्रुपमधे सगळे फुल बॉडी चेकअप करत होते म्हणून मीपण पॅकेज घेतलं आणि आता पस्तावतोय. शुगर ९१, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.४, लिव्हर किडनी ओके, पण फास्टिंग इन्सुलिन १४.२ मायक्रोयुनिट. रिपोर्टवर रेंज २.६ ते २४.९ लिहिलीय म्हणजे मी आतच आहे, पण यूट्यूबवर एक जण छातीठोक सांगतो की ५ च्या वर गेलं की समजा डायबिटीस दारात. झोप उडाली. दहा दिवसांनी दुसऱ्या लॅबचा मुलगा घरी बोलावून परत केलं तर ७.९, शुगर ८९. होमा-आयआर, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही त्याचा अंदाज, काढला (शुगर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५) तर आधी ३.२ आणि नंतर १.७. दहा दिवसांत मी काहीच बदललेलं नाही हो, उलट मधे एक लग्न जेवून आलोय. मला अर्थातच ७.९ वालं आवडलंय 😅
अजून एक, जीएलपी-१ (आतड्यातलं हॉर्मोन), ग्लुकॅगॉन (शुगर वाढवणारं हॉर्मोन) वगैरे पण मोजून मिळतं का कुठे? हल्ली त्या डायबिटीस आणि वजनाच्या जीएलपी-१ वाल्या इंजेक्शनांची एवढी हवा आहे, म्हटलं आपलं घरचं किती तयार होतं ते तरी बघू.

अण्णा_कोथरूड
धडधाकट माणसाने हॉर्मोन मोजत बसायचं, आणि मग आकड्यावरून झोप घालवायची. पैसे जास्त झाले असतील तर कळवा, आमच्या गणपती मंडळाची वर्गणी बाकी आहे.

लॅबवाली_नाशिक
अण्णा 😂 पण त्याचा प्रश्न बरोबर आहे. मी सतरा वर्षं लॅबमधे आहे, तर सांगते.
पक्या, आधी हे बघ की इन्सुलिन रक्तात एका जागी बसून राहत नाही. पॅन्क्रिया (स्वादुपिंड) ते काही काही मिनिटांच्या लाटांनी सोडतं, सोडलेल्यातलं निम्म्याच्या आसपास लिव्हर पहिल्याच फेरीत उचलतं, आणि उरलेलं पाच-सहा मिनिटांत अर्धं होतं. म्हणजे सुई लाटेच्या माथ्यावर लागली की तळाला, ह्यानेपण फरक पडतो. त्यात दोन लॅबचं किट वेगळं असेल तर आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही, इन्सुलिनची किटं अजून एकसारखी झालेली नाहीत. आणि ती रेंज म्हणजे किटवाल्यांनी काही निरोगी लोकांचं मोजून मधल्या बहुतेकांची ठरवलेली पट्टी असते, 'इथवर तब्येत चांगली' अशी काही ती रेघ नाही.
आता दोन गोष्टी सांग. केसांसाठी बायोटिन घेतोस का? मोठा डोस असेल तर काही मशीनवर इन्सुलिन खोटं कमी दिसतं. आणि ७.९ च्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात काही रिमार्क आहे का? नीट बघ.

ठाण्याचा_पक्या
बायोटिन नाही. पण ताई तुम्ही ज्योतिषी आहात का! पार तळाला, डॉक्टरांच्या सहीच्या वर लिहिलंय, 'सॅम्पल माइल्डली हेमोलाइज्ड'. तो मुलगा आला तेव्हा शीर सापडेना, दोनदा टोचलं, मग बारीक सुईच्या सिरिंजने जोर लावून ओढलं, ट्यूबमधे पिचकारीसारखं मारलं आणि थैलीत टाकून स्कूटरवरून अजून चार घरं करायला निघून गेला. मे महिना, साडेनऊ वाजले होते.

लॅबवाली_नाशिक
झालं तर मग. तांबड्या पेशी फुटल्या की आतलं एन्झाइम बाहेर येतं आणि ते इन्सुलिनच खातं. मशीनवर चढेपर्यंत खातच राहतं, गरमीत तर अजून जोरात. सिरम (रक्त गोठल्यावर वर राहतं ते पाणी) पिवळं दिसण्याऐवजी गुलाबी सरबतासारखं दिसतं, आम्ही असं सॅम्पल इन्सुलिनला घेतच नाही, परत बोलावतो. म्हणजे तुला आवडलेला आकडाच जास्त संशयाचा आहे, सॉरी. शुगर ठीक असेल, ती ग्रे कॅपच्या (शुगर टिकवणाऱ्या) ट्यूबमधे वेगळी घेतली असेल तर.
परत करायचंच असेल तर सोबत सी-पेप्टाइड कर. पॅन्क्रियामधे इन्सुलिन सुटं होतं तेव्हा एकास एक ह्या हिशोबाने तेपण बाहेर पडतं, पण लिव्हर त्याला फारसं हात लावत नाही आणि ते अर्धा तास टिकतं, म्हणून पॅन्क्रियाने खरंच किती काढलं ते त्याच्यावरून जास्त नीट कळतं. फुटलेल्या सॅम्पलमधेपण ते तेवढं बिघडत नाही.
जीएलपी-१ चा नाद सोड. त्याला काढल्याबरोबर बर्फ लागतो, आमच्याकडे कोणी मागतच नाही.

कोपनहेगनकर
जीएलपी-१ वर मी सांगू शकतो कारण माझं मोजलंय! डेन्मार्कला शिकायला होतो तेव्हा निरोगी व्हॉलंटियर हवेत अशी चिठ्ठी कॅन्टीनच्या बोर्डावर बघितली, पैसे मिळणार होते, गेलो. (जीएलपी-१ वरचं बरंच मोठं काम तिथेच, कोपनहेगनमधे, जेन्स होल्स्ट ह्या संशोधकांच्या लॅबमधे झालंय, ते मला नंतर कळलं, तेव्हा भाडं डोक्यात होतं.)
रात्री दहापासून उपाशी. सकाळी एका हातात कॅन्युला (शिरेतली नळी) लावून तो हात गरम पेटीत ठेवला, कारण हात गरम केला की शिरेतलं रक्त धमनीच्या रक्ताच्या जवळ जातं. मग ७५ ग्राम ग्लुकोज पाण्यात, त्यात पॅरासिटामॉलची पूड. मी विचारलं मला ताप कुठंय, तर म्हणे ते रक्तात किती भराभर येतं त्यावरून पोट किती वेगात रिकामं होतंय ते कळतं. पुढचे चार तास दर थोड्या वेळाने रक्त, ट्यूब आधीपासून बर्फात खोचलेल्या आणि आत डीपीपी-४ थांबवणारं औषध घातलेलं. हे डीपीपी-४ एन्झाइम जीएलपी-१ ला एक-दोन मिनिटांत निकामी करतं, नुसतं रक्त टेबलावर ठेवलं तर ट्यूबमधेच हिशोब संपतो. माझी मावशी डायबिटीसला सिटाग्लिप्टिन घेते, तीपण हेच एन्झाइम अडवणारी गोळी, आणि ती आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं पण ह्याला दाद देऊ नयेत आणि रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटून राहावीत अशीच बनवलीत म्हणून आठवडाभर टिकतात.
खरी गंमत दुसऱ्या दिवशी. काहीच प्यायला दिलं नाही, शिरेतून ग्लुकोजचा ड्रिप, आणि नर्स दर पाच मिनिटांनी शुगर बघून ड्रिप असा कमीजास्त करत होती की शुगरचा ग्राफ आदल्या दिवसावर तंतोतंत बसावा. शुगर तीच, पण ग्लुकोज लागलं फक्त २७ ग्राम, आणि इन्सुलिन आदल्या दिवसाच्या अर्ध्याहून कमी! तोंडातून गेलं की आतडं जीएलपी-१ आणि जीआयपी सोडून पॅन्क्रियाला सांगतं की माल येतोय, शिरेतून गेलं की आतड्याला पत्ताच नाही. हा फरक १९६४ मधे पहिल्यांदा नीट मोजला गेला, त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत रक्तातलं इन्सुलिन नेमकं मोजायची सोयच नव्हती, ती रोझलिन यॅलो आणि बर्सन ह्यांनी १९५९-६० च्या सुमारास काढली आणि यॅलोबाईंना १९७७ ला नोबेल मिळालं.
तर पक्या, उपाशीपोटी जीएलपी-१ मोजून हाती काय लागणार, ते जेवल्यावर हलणारं हॉर्मोन आहे. माझ्या शेजारच्या बेडवरच्या पोराचं माझ्या दुप्पट चढलं होतं, आणि आम्ही दोघेही ठणठणीत, संध्याकाळी बियर प्यायला गेलो.

मुळामुठा
ग्लुकॅगॉनचं तर अजून अवघड, आतड्यातले त्याचेच भाऊबंद किटला ग्लुकॅगॉन म्हणूनच दिसतात, त्यामुळे जुने आकडे वाचताना सांभाळून.
पण अण्णा, 'धडधाकट' म्हणजे कोण हे आपल्याकडे जरा बघावंच लागतं. केईएमचे डॉ. याज्ञिक, आपल्या पुण्याच्या केईएमचे, त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या नाळेच्या रक्तातलं इन्सुलिन मोजलं होतं. पुण्याची बाळं लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा वजनाने लहान पण इन्सुलिन जास्त. जन्माच्या दिवशी! आणि २००४ मधे लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या युडकिन ह्यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता, दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पक्याचा बीएमआय २२.८ येतो, त्यावरून तो बारीक आहे एवढंच कळलं. कंबर किती आहे रे?

ठाण्याचा_पक्या
कंबर ९३ सेमी. आत्ता मोजली, बायको हसतेय.

अण्णा_कोथरूड
आमच्याकडे पुरुषांना ९० च्या आत ठेवा सांगतात बाबा. इन्सुलिन राहू दे, पट्टा बघ. वर्गणीचं मात्र मी सोडलेलं नाही.

लॅबवाली_नाशिक
हो, कंबर मोजायला किट लागत नाही. तरी करणारच असशील तर दोन-तीन महिन्यांनी, त्याच पहिल्या लॅबमधे स्वतः जाऊन, आदल्या दिवशी लग्नबिग्न न जेवता. दहा मिनिटं बसून मग हात पुढे कर आणि सिरिंजने नको, सरळ व्हॅक्यूमच्या ट्यूबमधे घ्या म्हणून सांग. रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा, यूट्यूबकडे नको.

ठाण्याचा_पक्या
चालेल ताई. सकाळी बिनसाखरेचा चहा घेतला तर चालतो ना?

लॅबवाली_नाशिक
नाही. पाणी.