पेटीएमच्या चार्टवर पडझडीच्या आधी काही दिसत होतं का?

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, टेक्निकल, म्हणजे चार्टवरनं शेअरचा अंदाज घेणं, शिकतोय. सरावासाठी पेटीएमचा डेली चार्ट पार लिस्टिंगपासून काढून बसलोय. नोव्हेंबर २०२१ ला २१५० चा इश्यू, पहिल्याच दिवशी २७ टक्के खाली, वर्षभरात ४४० च्या आसपास, तिथनं ऑक्टोबर २०२३ मध्ये जवळजवळ हजार. इथपर्यंत कळतंय. पण ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं त्यांच्या पेमेंट्स बँकेला नवीन ठेवी, टॉपअप घ्यायला मनाई केली आणि शेअर ७६१ वरनं ६०९, मग ४८७, मग ४३८, सलग तीन दिवस लोअर सर्किट, म्हणजे दिवसात जास्तीत जास्त जेवढं पडू देतात तेवढं खाली. हे आधी चार्टवर दिसत होतं का? आणि आरएसआय (भावाच्या चढउताराचा जोर ० ते १०० मध्ये दाखवणारा आकडा) ३० च्या खाली गेला की घ्यायचं असं व्हिडिओत सांगतात, इथं तो खाली गेल्यावर पण भाव मे महिन्यात ३१० पर्यंत आला, मग आरएसआय वापरायचा तरी कसा?

कोरेगावचा ट्रेडर:
बातमी चार्टवर दिसत नाही भावा, कमजोरी दिसते. डिसेंबर २०२३ ची ती मोठी लाल कॅण्डल (चार्टवरची घसरणीच्या दिवसाची पट्टी) बघ, छोटी कर्जं कमी करणार म्हणून कंपनीनं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. एका दिवसात २० टक्क्यांच्या आसपास पडला. त्यानंतर जानेवारीत उसळी आली पण हजारापर्यंत पोचता आलं नाही, म्हणजे हजारनंतरचा माथा खालीच लागला. असा लोअर हाय, म्हणजे आधीच्यापेक्षा खालचा माथा, झाला की नवीन खरेदी थांबवायची, एवढं चार्टनं सांगितलं होतं आणि माझ्या मते तेवढं पुरेसं आहे. आरएसआयचं म्हणशील तर ट्रेंड जोरात खाली असला की तो कितीतरी दिवस ३० च्या खाली पडून राहू शकतो, नुसत्या आकड्यावर घ्यायचं नाही. २०२२ चा ४४० चा सपोर्ट, म्हणजे घसरण थांबली होती ती पातळी, पण असाच, तिथं दोनेक दिवस उसळी आली आणि मग तो तुटला की.

यार्डातला हळदवाला:
वरच्या दादांचं बरोबर आहे पण मला महत्त्वाचं वाटतं ते स्टॉपलॉसचं, म्हणजे भाव ठरावीक पातळीला आला की आपोआप विकायची ऑर्डर. पुष्कळ पोरं म्हणतात ७०० ला स्टॉपलॉस लावला असता तर वाचलो असतो. कसं वाचणार? तेव्हा हा शेअर एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) मध्ये नव्हता, त्यामुळे सर्किटची मर्यादा होती, आधी २० टक्के, मग एक्स्चेंजनं ती १० वर आणली. विकणारे लाखांनी रांगेत, घेणारा कोणी नाही. आपल्या सौद्यात ढीग मांडलाय आणि बोलीच लागत नाही तसं. ऑर्डर ट्रिगर होते पण भरत नाही. म्हणून ज्या कंपनीचा धंदाच रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवर चालतो तिथं पैसेच बेतानं घालायचे, सगळं भांडवल अशा एका फिनटेकमध्ये (तंत्रज्ञानावर पैशाची सेवा देणारी कंपनी) नको, हे मी पोटतिडकीनं सांगतोय कारण आपल्या भागात ऊसबिलाचे पैसे आले की बरेचजण एकाच शेअरात टाकतात.

विश्रामबागकर:
सर्किटचं हे माहीतच नव्हतं काका, धन्यवाद. अजून एक, फेब्रुवारीत ३१८ आणि मे मध्ये ३१०, ह्याला डबल बॉटम, म्हणजे साधारण एकाच भावाला दोनदा तळ लागून वर फिरणं, म्हणायचं का?

कोरेगावचा ट्रेडर:
त्या वेळी नाही. दोन तळांच्या मधे भाव ४०० च्या वर जाऊन आला होता ना, तो माथा ओलांडून वर टिकल्याशिवाय डबल बॉटम पुरा होत नाही, तोवर ते नुसते दोन तळ. जुलै २०२४ ला काय झालं ते व्हॉल्यूमसकट, म्हणजे किती शेअरची उलाढाल झाली त्यासकट, बघ. आणि दोन्ही तळांवर आरएसआय कुठं होता ते स्वतः आखून बघ, दुसऱ्या तळाला भाव आधीपेक्षा खाली आणि आरएसआय आधीपेक्षा वर असेल तर विक्रीचा जोर ओसरतोय असं धरायचं. ऑगस्टमध्ये पेटीएमनं तिकीट विक्रीचा धंदा झोमॅटोला २०४८ कोटींना विकल्याची बातमी आली तेव्हा भाव तळापासून बराच वर आलेला होता, तेही चार्टवर खूण करून ठेव.